हेअर ट्रान्सप्लांटले तीन आठवडे होत आले, लावलेले केसं गळून रायले, पुढं काय करू?

वावरवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय 29, घरची शेती, कापूस सोयाबीन तूर. कॉलेजात होतो तवापासून समोरून केसं जाऊन रायले होते, दोन्ही कोपरे पार आत गेले, टाळूवर पण विरळ झालं, तर यंदा पोळा-गणपती आटोपल्यावर नागपूरले जाऊन ट्रान्सप्लांट करून आलो. एफयूई म्हणतात ते, मागून एक एक काढून समोर लावते. 2400 ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारके पुंजके), एकाले 40 रुपये भाव, म्हणजे 96 हजार, गोळ्या-बिळ्या अलग. घरी फक्त आईले अन् लहान भावाले माहीत, गावात सांगितलं का डोक्यावर गळू झाल्तं.

पहिले काही दिवस भारी गेले. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, मग ते सूज उतरून डोळ्यावर आली, एक डोळा उघडेच ना, आई रडाले लागली. ते गेलं. खपल्या पण पडल्या. पण आता लावलेले केसंच पडून रायले, सकाळी उशीवर बारके बारके तुकडे असतात अन् काहीच्या बुडाशी पांढरं टोक दिसते, म्हणजे मुळासकटच आलं ना ते? जावयाले भावानं सांगून टाकलं, तो म्हणते 96 हजाराचा चुना लागला. क्लिनिकच्या मॅडमले फोन केला तर म्हणते नॉर्मल आहे सर, अन् त्याच दमात म्हणते का टाळूसाठी दुसरी सिटिंग आत्ताच बुक करा, सोबत पीआरपीचं (आपल्याच रक्ताच्या सुयांचं) पॅकेज घ्या, दिवाळी ऑफर आहे. आता केसं गळून रायले अन् हे ऑफर सांगून रायली, म्हणून डाउट आला.

वावरात कधी जाऊ? सोयाबीन काढणीवर आलं, कपाशीले एक फवारा बाकी आहे, माणसं भेटत नाई. हेल्मेट कधी घालू? तंबाखू-सुपारीचा खर्रा चालते का (डॉक्टरनं बंद सांगितला, पण राहवत नाई)? केसं गळणं थांबवाले फिनास्टराइडच्या गोळ्या लिहून दिल्या त्या अजून चालू नाई केल्या, कारण दोस्त म्हणते त्यानं माणूस कामातून जाते, अन् तुळशीचं लग्न झालं का घरचे माह्यासाठी पोरी पाहणार आहे. ज्यांनी स्वतः केलं त्यांनी सांगा बाप्पा. तेलवाले दूर राहा.

आर्णीचा_पोट्टा

भाऊ, मी दोन वर्षांआधी केलं, तुझ्यासारखंच रडलो होतो. हे गळणं ठरलेलं आहे. केस उपटून दुसरीकडे लावला का त्याले धक्का बसते, वरचा केस पडते, खाली कातडीत मूळ राहते. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत हे चालते, बहुतेक सगळेच पडतात. ते पांढरं टोक म्हणजे मूळ नव्हे, केसाची जुनी गाठ असते. ग्राफ्ट खरंच गेला असता तर पहिल्या आठ-दहा दिवसांत गेला असता अन् तेव्हा त्या जागेतून रक्त आलं असतं. तसं काही झालं नाई ना? मग झालं. दहा दिवसानंतर ग्राफ्ट पक्का बसलेला असते, आता जावई काहीही म्हणो.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नंतर मले शिव्या नको देजो. तुळशीच्या लग्नापर्यंत तू ऑपरेशनच्या आधी होता त्याच्याहून वाईट दिसशील. लावलेले पडले राहतील, आजूबाजूचे जुने केसं पण धक्क्यानं थोडे पडतात, कातडी लालसर राहते. तीन-चार महिन्यानं बारीक लव येते, वाकडीतिकडी, काही ठिकाणी पुटकुळ्या येऊन त्यातून केस निघते. सहा महिन्याले लोक म्हणतात अरे काही तरी बदललं, खरा रिझल्ट बारा महिन्याले, टाळूचा तर दीड वर्ष पण लागते. केस महिन्याले एक सेंटिमीटरच वाढते, त्याले कोनी घाई करू शकत नाई.

वावराचं. ग्राफ्ट हलणार नाई आता पण कातडी कच्ची आहे. ऊन सगळ्यात वाईट, समोरच्या नव्या कातडीवर जळलं का तो डाग महिनोन्महिने जात नाई. सैल टोपी घाल, सुती. गमछा आवळून बांधू नको, आपल्याले सवय असते गच्च गाठ मारायची. अन् थ्रेशरजवळ उभा राहू नको म्हणजे नकोच. सोयाबीनचा भुसा डोक्यात गेला का जी खाज सुटते ते तुले माहीत आहे, तू खाजवशीलच, झोपेत खाजवशील. मले तेच झालं, मागच्या बाजूनं पू झाल्याच्या बारीक फोड्या आल्या, मग अँटिबायोटिक खा. तो एक महिना तू धुऱ्यावर बसून हिशेब पाह्य, मळणी भावाले करू दे.

फवारा तर विसरूनच जा. 2017 ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता कितीक लोक गेले ते आठवते ना, तेव्हा चांगली कातडी होती त्यांची. तुह्या डोक्याले 2400 भोकं पाडून मिटले आत्ता आत्ता. पंप गळते, वारं फिरते, टोपी ओली होते, मग ते औषध तिथंच बसते. मजुरी देऊन माणूस लाव.

हेल्मेट घालताना समोरून घासत खाली येते अन् नेमकी तिथंच नवी लाइन असते. तीन-चार आठवडे झाले का मोठ्या साइजचं, मागून पुढं असं नाई, दोन्ही हातानं ताणून सरळ वरून ठेवायचं. तोवर एसटीनं जा. बिना हेल्मेटची गाडी चालवायचा शहाणपणा करू नको, डोकं राहिलं तर केसं.

औषधवाली_ताई

मी मूर्तिजापूरला मेडिकल चालवते. रोज कोणी ना कोणी मोबाईलवर फोटो दाखवून ही गोळी द्या म्हणतो, तर एकदा लिहूनच टाकते.

दादा, तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली, ती गोळी. ट्रान्सप्लांटने फक्त मागचे केस पुढे येतात. मागचे केस डीएचटी नावाच्या हार्मोनला दाद देत नाहीत म्हणून ते पुढे लावल्यावरही टिकतात, पण मधले आणि टाळूवरचे तुमचे जे जुने केस आहेत ते जातच राहणार, त्यांना कोणी सांगितलं नाही की दादांनी 96 हजार भरलेत. वय 29 आहे, अजून दहा वर्षं हे चालू राहू शकतं. मग समोर लावलेली एक पट्टी, तिच्यामागे मैदान, असे लोक मी पाहिलेत. ते थांबवायला औषधं आहेत, आणि त्यातली दोनच नीट सिद्ध झालेली आहेत.

फिनास्टराइड आधी प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅमची आली, 1997 मध्ये अमेरिकेत 1 मिलिग्रॅमला केसांसाठी मान्यता मिळाली. कामातून जाते वगैरे जे मित्र सांगतात त्यात थोडं खरं आहे, बरंचसं चावडीवरचं आहे. मूळ चाचण्यांमध्ये इच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे असल्या तक्रारी 3.8 टक्के पुरुषांनी केल्या, आणि ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही 2.1 टक्क्यांनी केल्या. बहुतेकांचं बंद केल्यावर ठीक होतं, काही थोड्या लोकांनी नंतरही त्रास राहिल्याचं सांगितलंय, काहींना मन उदास होतं, ते हलक्यात घ्यायचं नाही. काहींचे शुक्राणू कमी होतात, बंद केल्यावर सुधारतात. म्हणून लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरला आधी सांगायचं. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेली गोळी तिच्या हाताला लागू द्यायची नाही. गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही, हे आमच्याकडे गोळी नेणाऱ्या कोणालाच माहीत नसतं. आणि बंद केली की वर्षभरात जे वाचलं होतं ते जातं. घ्यायची की नाही हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा, पण मित्राच्या सांगण्यावर ठरवू नका.

मिनॉक्सिडिल ही बीपीची गोळी होती, लोकांच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं. 1988 पासून डोक्याला लावायची मिळते. सुरुवातीला एक-दोन महिने उलट जास्त गळतं, लोक घाबरून बाटली फेकतात. चार-सहा महिने लावल्याशिवाय काही कळत नाही. नवीन लावलेल्या जागेवर डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला ते विष आहे, खरंच.

खर्रा. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि नव्या जागेत मुळाला रक्त पोचायचं असतं, म्हणून डॉक्टर बंद सांगतात. सर्वात नाजूक दिवस तुमचे झालेत. तरी निदान आणखी काही आठवडे तोंड बंद ठेवा, आणि जमलंच तर पुढेही, कारण सुपारीने तोंड उघडायचं बंद झालेली पंचविशीतली पोरं माझ्या काउंटरवर येतात, त्यांना केस असतात.

शुद्ध_जडीबुटी_परतवाडा

मेळघाटच्या जंगलातील 21 जडीबुटींचे तेल, माका ब्राह्मी जटामांसी, 30 दिवसात नवीन केस, गॅरंटी. इनबॉक्स करा.

गुळगुळीत_वणी

जडीबुटी भाऊ, प्रोफाइल फोटोत टोपी काढून दाखवा एकदा.

वावरवाले भाऊ, मी पस्तिशीतच सगळं साफ केलं. दर आठ दिवसानं ब्लेड मारते, तीस रुपये. लोक दोन महिने टकल्या म्हणाले मग विसरले, आता तर मास्तर म्हणून इज्जत जास्त भेटते. पण तू आता केलंच आहे तर तुह्याले हा रस्ता तितका सोपा नाई, एफयूईचे मागं पांढरे ठिपके राहतात, झिरो मारला का दिसतात. अन् ज्यांनी जुन्या पद्धतीनं पट्टी कापून केलं, एफयूटी, त्यांच्या मागं तर कानापासून कानापर्यंत टाक्याची रेघ असते. हे करायच्या आधी सांगायला पाहिजे क्लिनिकनं, पण सांगते कोन.

पॅचवाला_चंद्रपूर

ट्रान्सप्लांटले पैसे नव्हते अन् मागं केसं पण कमी होते म्हणून मी पॅच, म्हणजे चिटकवायचा केसांचा टोप, लावला. लगेच दिसते हे खरं, सकाळी टक्कल संध्याकाळी हिरो. पण हे वर्ध्याच्या पुढचं ऊन पाहून घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा 46-47 जाते, दुपारी गाडीवर सिग्नलले उभा राहिलो का टेपच्या खालून घाम येते, कपाळावर गोंद पांढरा होऊन ओघळते, मग खिशातला रुमाल काढून असा दाबून धरायचा जसं काही डोकं दुखून रायलं. दर तीन-चार आठवड्यानं काढून धुऊन परत चिटकवायचा, त्याचे पैसे, वर्षा-दीड वर्षानं नवीन पॅच. खाली कातडीले फोड येतात. वावरात काम करणाऱ्यानं घेऊ नये, ऑफिसमध्ये एसीत बसणाऱ्याचं काम आहे ते. लग्नाच्या फोटोपुरता पाहिजे असेल तर गोष्ट अलग, पण तुह्या डोक्यावर तर आता सध्या चिटकवताच येत नाई.

शेगावकर_88

मधात विचारतो, माफ करा. आम्ही शेगाव तालुक्यातले, जानेवारी 2025 मध्ये आमच्याकडे बोंडगाव कालवड हिंगणा तिकडे लोकांचे केसं तीन-चार दिवसात गेले होते ते टीव्हीवर पाहिलं असेल, त्यात माहे पण गेले. परत आले पण आधीसारखे दाट नाई. मले पण नागपूरच्या एकानं व्हॉट्सॲपवर फोटो पाहून ट्रान्सप्लांट सांगितलं. करू का?

औषधवाली_ताई

नका करू, निदान आत्ता तरी नाही. तुमचं आणि वरच्या दादांचं कारणच वेगळं आहे. तुमच्याकडे आयसीएमआरचं (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं) पथक आलं होतं, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, लोकांच्या रक्तात झिंक कमी सापडलं होतं. असं बाहेरच्या कारणाने जातं तेव्हा मूळ शाबूत असतं, म्हणून तर परत आले. ज्याचं मूळ आहे तिथे भोक पाडून दुसरं मूळ कशाला लावायचं? अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासतील, खर्च नागपूरच्या एसटी भाड्याहून कमी येईल. आणि नुसता व्हॉट्सॲपवर फोटो पाहून ट्रान्सप्लांट सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा फोन करू नका.

आर्णीचा_पोट्टा

ताईचं बरोबर. अन् वावरवाले भाऊ, तुह्या दुसऱ्या सिटिंगचं राहिलं. आता बुक करू नको. पहिल्याचा रिझल्ट दिसाले वर्ष आहे, टाळू किती जाणार ते गोळ्या घेतल्यावर कळते, मग आत्ता कशाच्या हिशेबानं ग्राफ्ट मोजले तिनं? मागचा माल मोजका असते. सगळं आयुष्य धरून चार-सहा हजार ग्राफ्ट निघतात, त्यातले 2400 तू वापरले. मागची केसं म्हणजे उन्हाळ्यातली विहीर आहे, मोटर जास्त वेळ लावली का गाळच येते. पन्नाशीत टाळू गेली तर तेव्हा कामाले पाहिजे.

पीआरपी म्हणजे तुहंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून सुया टोचतात, महिन्या-महिन्यानं तीन-चार वेळा, मग परत वर्षातून. कोनाले फरक पडते, कोनाले काहीच नाई. मी घेतलं होतं, सुयांचा त्रास सोडून मले काही आठवत नाई. ट्रान्सप्लांट जगवाले ते लागतेच असं नाई.

अन् खरं सांग, तुहं केलं कोनं? डॉक्टरनं का टेक्निशियन पोरांनी?

वावरवाला_दारव्हा

डॉक्टर आले, पेनानं लाइन काढली, इंजेक्शन दिलं अन् गेले. मग दिवसभर दोन पोरं अन् एक मॅडम होती. एक पोट्टा तर मधात मॅच पाहून रायला होता. संध्याकाळी डॉक्टर परत आले, पाठीवर हात ठेवला, म्हणे एक नंबर झालं.

औषधवाली_ताई

हे सगळीकडे चालतं म्हणूनच 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नियमावली काढली की हेअर ट्रान्सप्लांट रीतसर शिकलेल्या डॉक्टरनेच करायचं, यूट्यूब पाहून किंवा दोन दिवसांचं वर्कशॉप करून नाही, आणि मदतनीस असले तरी जबाबदारी डॉक्टरची. कानपूरची बातमी 2025 मध्ये सगळ्यांनी वाचली, दोन इंजिनियर ट्रान्सप्लांटनंतर दगावले. तुम्हाला घाबरवत नाही, तुमचं निभावलं. पण पुढच्या वेळी ग्राफ्टचा भाव विचारायच्या आधी भोकं कोण पाडणार आणि भुलीचं इंजेक्शन उलटलं तर तिथे काय सोय आहे ते विचारा. आत्ता लक्ष एवढंच ठेवा की लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढली, पू आला, ताप आला, किंवा कातडीचा एखादा भाग काळा पडला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मागे बधिर वाटतंय का? ते काही आठवडे, कधी काही महिने राहतं, जातं.

अमरावतीची_वहिनी

ताई सोडून सगळे पुरुषच बोलून राहिले म्हणून मी लिहिते. आमच्या घरात नणंदांची लग्नं जमवताना मी सगळं जवळून पाहिलं. मुलीकडचे आले की पहिले विचारतात नोकरी आहे का, मग विचारतात ओलीत किती, मग पुण्यात कोणी आहे का, मग संडास घरात आहे का. केसांचा नंबर येईपर्यंत चहा झालेला असतो. कास्तकाराच्या पोराला पोरगी मिळत नाही हे खरं आहे पण ते डोक्यावरच्या टकलामुळे नाही हो भाऊ, कापसाच्या भावामुळे आहे.

तरी केलं ते केलं, स्वतःला बरं वाटावं म्हणून केलं असेल तर त्यात वाईट काय. फक्त मुलीला सांगून टाका. गोळीचं पाकीट कपाटात सापडणारच आहे, आणि मुलाबाळाचा विचार असेल तर तिला कळायलाच पाहिजे, ताईंनी वर लिहिलंच आहे. अन् तुळशीच्या लग्नानंतर लगेच पोरी पाहायच्याच असतील तर सगळे एकसारखे बारीक कापून जा, अर्धे लांब अर्धे गेलेले त्याच्यापेक्षा नीट दिसतं.

वावरवाला_दारव्हा

वहिनी, तुम्ही तर पार कापसावर आणून ठेवलं.

सगळ्याइचं वाचलं. दिवाळी ऑफरवालीले नाई म्हणून टाकलं, तर म्हणते सर मग निदान जानेवारीची तारीख तरी घ्या. फवाऱ्याले गावातलाच माणूस लावला, मजुरी जास्त मागते पण देतो. गोळीचं यवतमाळच्या स्किनवाल्या डॉक्टरले विचारून मग ठरवतो, हे नागपूरवाले सोडून दुसऱ्यालेच विचारतो. खर्रा कमी केला, बंद नाई झाला, खोटं कायले सांगू.

एकच राहिलं, वहिनी म्हणते तसं बारीक कापायचं असेल तर आत्ता कापू का? मशीन चालते का समोरून?

आर्णीचा_पोट्टा

आत्ता नाई. महिना पूर्ण होऊ दे, मग कैचीनं चालते, मागं अन् बाजूनं मशीन पण चालते, तीन नंबरच्या खाली जाऊ नको म्हणजे ठिपके झाकलेले राहतात. समोर लावलेल्या जागेवर मशीन तीन महिने तरी लावू देऊ नको, अन् वस्तरा तर त्याच्याही नंतर. डाय लावत असशील तर ते पण थांबव. गावातल्या दुकानात जाऊ नको, तो मागून कंगवा फिरवला का ओळखते अन् संध्याकाळपर्यंत पारावर विषय होते. दारव्ह्याले जा, तिथं सांगून बस का समोर हात लावायचा नाई, फवाऱ्यानं पाणी मारून डोक्याची मालिश तर अजिबात नाई, ते पोट्टे न विचारता ठोकाले लागतात.

डोकं धुताना बोरचं पाणी मगानं हळू सोड, बेबी शॅम्पूचा फेस करून नुसता ठेवायचा, बोटानं घासायचं नाई. अन् दर महिन्याले एकाच खिडकीपाशी एकच फोटो काढजो, रोज आरशात पाहून काही समजत नाई. मार्चमध्ये टाकजो इथं.